ओली चिंधी

कारल्याचं बी टणक असतं. लवकर उगवत नाही. आमचा घरमालक ते ओल्या फडक्यात बांधायचा, पुरचुंडी कमरेला खोचायचा आणि मोड येईस्तोवर काढायचा नाही. जेवताना कमरेला, झोपताना कमरेला, बाजारात गेला तरी धोतरावर तो ओला डाग. कुणी विचारलं तर पोटावर हात ठेवून म्हणायचा, "गरमी पाह्यजे जी त्याले. कोंबडी नाही बसत का अंड्यावर?" आणि हसायचा नाही. ऐकणाऱ्यालाही हसू देत नसे.

हे आधीच सांगून ठेवतो. पुढचं वाचून कोणाला तो मांत्रिक वाटेल. तो मांत्रिक नव्हता. मांत्रिकांविरुद्ध मी पत्रकं लिहिली आहेत, ती माणसं मी दुरून ओळखतो. ते पैसे घेतात. याने आयुष्यात कोणाकडून चिंधीशिवाय काही घेतलं नाही.

गोंदियाच्या एका धानगिरणीत तो बॉयलरवर होता. तूस जाळून जाळून डोळे कायमचे लाल झालेले. काम सुटल्यावर गावाबाहेर कुडव्याला घर बांधून राहिला. कुडव्यात बिड्या वळणारी घरं पुष्कळ, आणि मी बिडी मजुरांच्या संघटनेचा कार्यकर्ता, म्हणून मी त्याची पुढची खोली भाड्याने घेतली. खोली दाखवताना त्याने मला खालून वर न्याहाळलं.

"तुम्ही ते बोंबलनारे ना? सायकलवर भोंगा बांधून?"

मी म्हटलं, मी मजुरांना त्यांचे हक्क समजावून सांगतो.

"मंग बोंबला," तो म्हणाला. "पन मांडवाखाली नोका बोंबलू. वेल बिचकतेत."

त्या दिवसापासून मी लीडर झालो. माझं नाव त्याने कधी विचारलं नाही.

त्याची बाग घरातल्या टाकाऊ वस्तूंवर चालायची. तांदळाचं धुवण टमाट्याला, मासोळीचं धुवण भोपळ्याला. गिरणीतून आणलेली तुसाची राख वांग्याच्या पानांवर. बिडीच्या तंबाखूचा चुरा पाण्यात मुरवून मावा पडलेल्या चवळीवर शिंपडायचा. ही युक्ती मी पुढे आमच्या बिडीवाल्या बायांना सांगितली. मालक चुरा झाडून फेकतो, त्याच्याकडून फुकट मिळणारी तेवढी एकच वस्तू. कंदिलाची काच कोवळ्या रोपावर टोपीसारखी उपडी. मोडक्या छत्रीच्या काड्या काकडीला आधाराला. न्हाव्याकडून केस आणून तो उंदरांच्या बिळांत कोंबायचा. कासाराकडून फुटक्या बांगड्यांचा चुरा आणून रोपांभोवती त्याचं कडं घालायचा, म्हणजे पावसाळ्यात गोगलगायी आत शिरत नाहीत.

आणि मांडवाला टांगलेली गाडगी. प्रत्येकाच्या बुडाला भोक, भोकात चिंधी, चिंधीच्या टोकाला थेंब. विहीर लांब, उन्हाळा भाजणारा. सकाळी गाडगं भरलं की दिवसभर वेलाच्या मुळाशी ओल राहायची. इतकं सोपं आणि इतकं शहाणपणाचं काम मी सरकारी शेतकी केंद्रातही पाहिलं नाही.

पण लोकांनी काय पाहिलं? केस पाहिले आणि त्यांना दहाव्याला घाटावर उतरवलेले केस आठवले. बांगड्या पाहिल्या आणि नवरा मेल्यावर फोडलेल्या बांगड्या आठवल्या. आणि गाडगी पाहिल्यावर तर विचारूच नका. आमच्याकडे माणूस गेलं की पिंपळाला भोकाचं मडकं टांगतात. दहा दिवस त्यातून थेंब थेंब पाणी पडतं, ते मेलेल्याला पोचतं अशी समजूत. इथे मांडवभर मडकी, आणि तीही बारमाही. दूधवाला दूध कुंपणाच्या खांबावर ठेवून निघून जायचा. शेताकडे जाणाऱ्या बाया आमच्या कुंपणाजवळ आल्या की बोलणं बंद करायच्या आणि पुढे गेल्या की पुन्हा सुरू करायच्या.

माझा संताप व्हायचा. "बाबाजी, तुम्ही लोकांना समजावून का नाही सांगत? झाडांना पाणी आहे म्हणावं."

"कायले?" तो म्हणायचा. "त्यायले वाटते मेलेल्यासाठी आहे. मी म्हनतो जित्यासाठी आहे. इतकाच तं फरक."

हे उत्तर मला भलतंच आवडलं होतं. मी ते सभेत वापरलंही. त्याच्या मनात काय होतं ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

दुपार वाईट असायची. वैशाखातल्या दुपारी कुडव्यात कुत्रंसुद्धा हलत नसे. मी खोलीत पत्रकाचा मजकूर लिहीत बसायचो आणि बाहेर थेंब पडत राहायचे, एक इथे, एक तिथे, कधी दोन लागोपाठ. मग सगळीकडे काहीच नाही. आणि आता पुढचा थेंब कुठे पडेल याची वाट पाहत माझी लेखणी थांबलेली असायची. कोपऱ्यातल्या एका गाडग्याखाली म्हातारा उकिडवा बसलेला असे. तळहात पुढे धरायचा, थेंब पडला की मूठ मिटायची, थोडा वेळ तशीच ठेवायची.

"आज बरा आहे," म्हणायचा आणि उठायचा.

मला वाटलं, वेलाबद्दल बोलतो आहे. त्या गाडग्याखाली दुधीचा वेल होता, खरंच बरा होता. पण एक दिवस थेंब फार हळू पडत होता. म्हातारा बराच वेळ बसून राहिला. मग म्हणाला, "आज त्याच्या आंगात कसर आहे," आणि जेवायला उठलाच नाही. ताटावर माश्या बसल्या. मी त्याच्या सुनेला विचारलं, "वहिनी, दुधीला कीड लागली का?"

ती चुलीपुढून उठली, दारात आली आणि सासरा ऐकत नाही ना हे पाहून म्हणाली, "दुधीचं नाही जी. तुमच्या भावाचं."

तिचा नवरा, म्हाताऱ्याचा एकुलता एक मुलगा, भिलाईकडे मोठं काम निघालं म्हणून गाडीत बसून गेला होता. मी तिथे राहायला यायच्या कितीतरी आधीची गोष्ट. तो जिथे उतरणार होता तिथे उतरला नाही. मागे परत आला नाही. पोलिसांत झालं, नातेवाइकांत झालं, म्हातारा स्वतः स्टेशनास्टेशनावर विचारत फिरला. कोणी म्हणालं नदीच्या पुलावर दारातून पडला, कोणी म्हणालं कलकत्त्याला पाहिला. प्रेत नाही, पत्र नाही.

"ते चिंधी त्यायच्या धोतराची आहे," ती म्हणाली. "मामाजी म्हनतेत, जित्या मानसाचा कपडा पानी उतरवते, मेलेल्याचा नाही उतरवत. चिंधी ओली आहे तोवर तो आहे." आमच्याकडे सून सासऱ्याला मामाजी म्हणते.

मी तडक म्हाताऱ्याकडे गेलो. असल्या गोष्टीवर मला गप्प बसता येत नाही. मी म्हटलं, बाबाजी, हे तुम्हाला कोणी शिकवलं?

"कोनी नाही. म्या करून पाह्यलं," तो म्हणाला. "या, दाखवतो."

त्याने मला मांडवाच्या मागच्या बाजूला नेलं. तिकडे मी कधी गेलो नव्हतो. तिथे एका ओळीत गाडगी टांगलेली होती आणि त्यांच्याखाली एकही वेल नव्हता. जमीन भेगाळलेली. चिंध्या कोरड्या, बोटासारख्या ताठ.

"हा पाटलाचा काका," तो एकेक गाडग्याला हात लावत म्हणाला, जशी माणसांची ओळख करून देतात तशी. "हा आमच्या गिरनीतला फिटर. हा मागच्या घरचा, गेल्या पोळ्याले तापानं गेला तो. मयतीवर कपडे टाकतेत ना, त्यातली चिंधी मांगून आनतो मी. कोनी देते, कोनी शिव्या देते."

"रिकामी गाडगी आहेत ही," मी म्हणालो.

"पाहा ना हात घालून."

मी हात घातला. मनगटापर्यंत पाण्यात बुडाला. पाणी गार होतं. सगळी गाडगी काठोकाठ भरलेली होती आणि एकातूनही थेंब येत नव्हता.

"रोज पाहतो. नाही उतरत," म्हातारा म्हणाला. "पान्याले भीड नसते, लीडर. पानी तोंड पाहून बोलत नाही."

माझ्या अंगावर काटा आला. आला तो आला, लपवत नाही.

पण हे सगळं एका म्हाताऱ्याच्या वेडापुरतं असतं तर मी ते विसरून गेलो असतो. त्या चिंधीला एक जिवंत बाई बांधलेली होती. सालेकशाहून तिचा भाऊ यायचा. त्याने तिच्यासाठी एक माणूस पाहिला होता, बायको वारलेला, धानाची थोडी शेती असलेला. त्या शेतकरी घरांत विधवेचा पाट लागतो, म्हणजे दुसरं लग्न होतं, त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही. फक्त सासऱ्याने पंचांपुढे म्हणायला हवं की मुलगा गेला. भाऊ दर खेपेला पडवीत बसायचा, म्हातारा त्याला चांगली दुधी कापून द्यायचा, जेवायला घालायचा, आणि ते एक वाक्य बोलायचा नाही. भाऊ दुधी घेऊन गाडीने परत जायचा.

मी वहिनीला विचारलं, "तुम्हाला स्वतःला काय पाहिजे?"

"मले असं कोनी विचारलं नव्हतं," ती म्हणाली. "मले घर पाह्यजे जी, ज्याच्यात मानूस असन. हे गाडगे रोज मीच भरते. सकाळी घागर डोक्यावर घेते तं वाटते, हे पानी कोनाले देऊन राहिली मी? नवऱ्याले का पिंपळाच्या मडक्याले? दहा दिवसात सुटका होते लोकायची. माही काऊन होत नाही?"

मी म्हाताऱ्याशी भांडलो. बाईला माणूस म्हणून हक्क आहे, नवा कायदा आहे, तुम्ही तिला डांबून ठेवलं आहे, हे सगळं बोललो. मांडवाखालीच बोललो, वेल बिचकले तर बिचकले. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"म्या कुठे अडवलं?" तो म्हणाला. "पोट्टा मेला असता तं म्याच पुढे होऊन पाट लावून देल्ला असता. पन जित्या मानसाच्या बायकोचा पाट कसा लावू? तुमचा कायदा काय म्हनते, सांगा."

कायदाही तेच म्हणत होता; सात वर्षं बेपत्ता असल्याशिवाय तो माणसाला मेलेला धरत नव्हता, आणि तेवढी अजून झाली नव्हती. मी खोलीत जाऊन दार आपटलं.

चिंधी कुजली की म्हातारा मुलाच्या पेटीतून आणखी एक कपडा काढायचा आणि दाताने फाडायचा. धोतरं संपली, बंड्या संपल्या. शेवटी पेटीत एक सदरा उरला. मी मुद्दाम विचारलं, "हा संपल्यावर काय?"

"मंग काय," तो म्हणाला, "कपडे सरले म्हनजे घ्यायले येनच ना तो."

पोरगं बाजारातून येईल अशा सुरात बोलला.

याची फोड मला अचानक सापडली, आणि ती आमच्या कामातूनच सापडली. मोर्चासाठी फलक रंगवायचे होते. आमच्या एका नवख्याने दुकानातून आणलेल्या कोऱ्या मांजरपाटावर तशीच अक्षरं काढायला घेतली. रंग कापडात शिरेना, गोळ्या होऊन ओघळला. मी त्याला ओरडलो, "अरे, कोरं कापड ओलं होत नाही. आधी सोड्यात उकळ!" आणि ओरडता ओरडताच थांबलो.

मयतीवर टाकतात ते कापड कोरंच असतं. नेहमी कोरं. दुकानातून आणतात आणि टाकतात. आणि घरातल्या माणसाचे कपडे शंभरदा धुतलेले असतात. म्हाताऱ्याचा सगळा शोध इतकाच होता.

मी सायकल पळवत आलो. म्हाताऱ्याला बोलावलं, त्याच्यादेखत मागच्या ओळीतली शेजारच्या मयताची चिंधी काढली, वहिनीकडून भगुणं घेतलं, सोडा टाकून चिंधी उकळली, खळबळून वाळवली आणि पुन्हा त्याच गाडग्याला लावली. पाणी भरलं. चिंधी गडद होत गेली, टोकाशी थेंब फुगला आणि पडला. मग दुसरा.

"बघा!" मी म्हणालो. "जिता नाही आणि मेला नाही. कोरं आणि धुतलेलं, बस. पटलं का?"

वहिनी दारात उभी होती. तिचा श्वास मला ऐकू येत होता.

म्हाताऱ्याने तळहात पुढे केला. थेंब पडला, मूठ मिटली. त्याने चिंधीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. लाल डोळे भरून आले होते. मग तो उठला आणि मागच्या कुंपणातून शेजारच्या घराकडे निघाला.

त्याने तिथल्या विधवेला जाऊन काय सांगितलं ते आम्हाला कुंपणातून स्वच्छ ऐकू आलं. "बाई, आंगन झाडून ठेव. तुहा मानूस आहे. पानी उतरलं."

त्या बाईने नवऱ्याची चिता पेटलेली पाहिली होती. तिने म्हाताऱ्याला हाकलून द्यायला हवं होतं. तिने केरसुणी घेतली. अंगण झाडलं, सारवलं, कपाळाला कुंकू लावलं. दुपारी दारात पाट मांडला, ताट वाढलं आणि उन्हात बघत बसली. "या ना जी," ती मधूनच म्हणायची, हलकेच, जसं कोणी चप्पल काढत दाराशी थांबलंय. "भात थंडा होऊन राहिला." दुसऱ्या दिवशी पुन्हा ताट. त्याच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा. मी खिडकी लावून घेतली तरी तो आवाज यायचा, आणि आवाजाच्या मधल्या जागेत थेंब.

मी म्हाताऱ्याला गदागदा हलवलं असतं. "काय केलंत तुम्ही हे?"

"म्या?" त्याला खरंच नवल वाटलं. "सोडा तुम्ही लावला, लीडर. तो आडोशाले होता, तुम्ही समोर आनला."

मी आजही म्हणतो, माझा प्रयोग बरोबर होता. कोणीही करून पाहावा.

शेवटी त्या बाईचे दीर आले. भर दुपारी, हातात काठ्या, मागे अर्धं कुडवा. त्यांना मांडव तोडायचा होता. म्हातारा जाऊन मुलाच्या गाडग्याखाली उभा राहिला आणि दोन्ही हातांनी त्याने ते वरून धरलं. मी मध्ये पडलो. अंधश्रद्धा, अज्ञान, शोषण, जे तोंडात आलं ते बोललो. थोरला दीर म्हणाला, "लीडर, बाजूले सरका. तुमचं भाषन ऐकून वयनी ताट वाढून राहिली आमची."

मला भीती म्हाताऱ्याच्या डोक्याची नव्हती. ते गाडगं फुटलं असतं तर मुलगा जिवंत राहिला असता, कायमचा. चिंधी सुकलेली दिसायची सोयच उरली नसती; म्हाताऱ्याला पुन्हा कोणी सांगू शकलं नसतं की तो नाही. आणि वहिनी त्या घरात घागरी वाहत म्हातारी झाली असती.

हे तिलाही कळलं असणार. ती घरातून आली. कोणाकडे पाहिलं नाही. लुगड्याच्या पदराची कड दातात धरून तिने टरकन एक पट्टी फाडली. नेहमीचं जुनं लुगडं, कितीदा धुतलेलं.

"मामाजी," ती म्हणाली, "माहं लावा."

"काय?"

"माही चिंधी लावा. सगळ्यायची लावली. माही लावून पाहा."

म्हातारा जागचा हलेना. मग तिनेच मधल्या ओळीतल्या एका गाडग्याची चिंधी ओढून काढली, आपली कोंबली, घागर उचलली आणि गाडगं भरलं. काठ्या खाली आल्या. लोकांना पाहायचं होतं. मीसुद्धा पाहत होतो, आणि निश्चिंत होतो, कारण जुनं धुतलेलं कापड पाणी ओढतंच.

चिंधी कोरडी राहिली.

आम्ही थांबलो. आजूबाजूची गाडगी ठिबकत होती. हिच्या चिंधीचं टोक वाऱ्याने हललं, सुक्या पानासारखं वाजलं. म्हातारा पुढे आला, तळहात खाली धरला. बराच वेळ त्याने तो तसाच धरला. मग हात मागे घेतला, कोरडाच होता तरी धोतराला पुसला.

"गेली," तो म्हणाला.

"मामाजी, मी इथं उभी आहे ना," ती म्हणाली.

त्याने ऐकलंच नाही. ऐकून न ऐकल्यासारखं नव्हे. त्याची नजर तिच्यातून आरपार मागच्या कुंपणावर होती. तो घरात गेला, तिची वाकळ आणली, फणी आणली, तिचं ताट आणलं, आणि मेलेल्याच्या वस्तू ठेवतात तसं सगळं कुंपणाबाहेर नेऊन ठेवलं. परत येताना तो तिला वळसा घालून आला. मयत उचलून नेताना माणसं जशी अंग चोरतात, तसा.

कोणी मांडवाला हात लावला नाही. काठ्या घेऊन आलेले लोक पाय न वाजवता निघून गेले. शेजारची ती बाई मात्र कुंपणाशी उभी राहून सगळं पाहत होती. ती अचानक रडायला लागली, मोठ्याने, नवरा गेल्यावर रडतात तसं. "उभी बाई मेली म्हनतेत हे," ती म्हणाली, "मंग माहा कायचा जिता!" तिने दारातलं ताट उचललं आणि आत गेली. त्यानंतर पुन्हा ते मांडलेलं मी पाहिलं नाही.

भाऊ आला आणि वहिनीला सालेकशाला घेऊन गेला. म्हाताऱ्याने डोकं भादरलं, भेटेल त्याला सांगितलं की सून गेली. पंचांची फार पंचाईत झाली नाही. मुलगा गेला असं म्हाताऱ्याने कधीच म्हटलं नाही, पण मेलेल्या बाईच्या पाटाला सासऱ्याची परवानगी कोण मागतो?

मी खोली सोडली. संघटनेच्या कचेरीत झोपू लागलो.

पुढच्या उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडणाऱ्यांच्या कामासाठी सालेकशाला गेलो तेव्हा तिच्याकडे उतरलो. घर लहान, पण माणसांचं होतं. नवरा मोकळा, बोलका. आधीच्या बायकोचा मुलगा तिच्या पाठीवर लोंबकळत होता. तिने भात वाढला, वरून अंबाडीची भाजी. जेवताना मी तिला हळूच म्हणालो, "वहिनी, तुम्ही मात्र कमाल केली. चिंधीला तेल चोपडलं होतं ना? मोहाचं?"

तिचा वाढता हात थांबला.

"नाही जी."

"मेण?"

"काहीच नाही लावलं. अंगावरच्या लुगड्याची फाडली, तुमच्यासमोर." मग आवाज खाली घेऊन म्हणाली, "मले तं वाटलं पानी उतरन. उतरलं असतं तं मी म्हननार होती, पाहा मामाजी, मी बी जिती आहे, माहाबी विचार करा. इतकंच म्हननार होती."

"मग उतरलं का नाही?"

"तुम्हीच सांगा ना," ती म्हणाली. "तुम्ही शिकलेले." आणि मुलाला खाली उतरवून तिने मला आणखी भात वाढला.

गाडीत मी सगळी कारणं काढली. भोकात माती असेल. चिंधी घट्ट बसली असेल. हातांना तेल असेल स्वयंपाकाचं. तीन कारणं म्हणजे एकही नाही, हे मी दुसऱ्यांना शिकवतो. गोंदियाला उतरल्यावर कचेरीकडे न जाता मी सरळ कुडव्याला गेलो. मला म्हाताऱ्याला सुनवायचं होतं की ती हसते-बोलते आहे, भात रांधते आहे, आणि तुम्ही तिच्या नावाने डोकं भादरून बसला आहात, तुम्हाला लाज वाटायला हवी.

तो मांडवाखालीच होता. कमरेला पुरचुंडी. मुलाचा शेवटचा सदरा अजून पुरत होता, बाही तेवढी गेलेली. त्याने मला बसायला पोतं दिलं. मी बसलो नाही. उभ्याउभ्याच सगळं बोललो.

तो ऐकत होता. मध्येच त्याने विचारलं, "तुमच्याशी बोलली ते?"

"बोलली म्हणजे? जेवलो मी तिच्याकडे. तिने वाढलं."

"तिच्या हातचं जेवले तुम्ही?"

"दोनदा भात घेतला!"

म्हाताऱ्याचा चेहरा बदलला. त्यात राग नव्हता. घरात कोणी आजारी पडल्यावर मोठी माणसं बघतात तसं त्याने माझ्याकडे पाहिलं. मग तो उठला, माझ्या खांद्यावरचं उपरणं हळूच ओढून घेतलं, त्याची कड दाताने फाडली आणि एका रिकाम्या गाडग्याच्या भोकात सरकवली. घागर आणून पाणी ओतलं.

"बसा, लीडर," तो म्हणाला, अगदी मायेने. "भेऊ नोका."

हे थोतांड आहे असं मी म्हणालो. बहुतेक मोठ्याने म्हणालो. उपरणं जुनं होतं, कित्येकदा धुतलेलं, पाणी उतरणारच होतं. मला कचेरीत काम होतं, संध्याकाळी सभा होती. मी पोत्यावर बसलो. म्हातारा माझ्याशेजारी उकिडवा बसला आणि त्याने आपला तळहात माझ्या चिंधीखाली धरला. आम्ही दोघेही तिच्या टोकाकडे बघत राहिलो.